लगेच, की थांबून?

आंबा गाव मागे पडलं आणि घाट सुरू झाला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, तरी समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचे दिवे लागलेले होते. जुलैचा दुसरा आठवडा. रत्नागिरीच्या आत्याचा पाय मोडल्याचं कळलं म्हणून आम्ही कोल्हापूरहून सकाळी निघालो होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी आप्पा, मागे माझा मुलगा आणि त्याच्या पायाशी दोन निथळत्या छत्र्या. तिसऱ्या वळणावर समोरच्या काचेच्या कडा धूसर व्हायला लागल्या. मला वाटलं बाहेरचं धुकं. वायपर जोरात फिरवला, फरक पडेना. बोट टेकवलं तर रेघ आतल्या बाजूने उमटली. काचेवर हवा मारणारा ब्लोअर बंद पडला होता.

मिनिटाभरात काच दुधाची झाली. मुलगा मागून वाकून रुमालाने पुसत होता आणि पुसलेली जागा चार श्वासांत परत पांढरी होत होती. तीन माणसांचे श्वास, ओल्या छत्र्या, ओले कपडे, आणि काच मात्र बाहेरच्या पावसाने गार पडलेली. हवेतली वाफ तिथे जाऊन बसणारच. एरवी एसी ती वाफ आधीच थंड नळ्यांवर गोळा करतो, गाडीखाली पाणी म्हणून टाकून देतो आणि कोरडी हवा काचेकडे पाठवतो. पण पाठवणार कोण? ब्लोअर गेला की एसी असून नसल्यासारखा. उन्हाळ्यात ब्लोअर बंद पडला तर माणूस घामाघूम होतो, एवढंच. घाटात, पावसात तो बंद पडला तर समोरचा रस्ता जातो. त्या दिवसापासून मी ब्लोअरला ब्रेकच्या रांगेत बसवलं आहे.

दोन्ही काचा चार बोटं खाली करून, खिडकीतून पाऊस अंगावर घेत, एका रुंद वळणावरच्या चहाच्या टपरीशी गाडी लावली. टपरीतल्या मावशींनी काही न विचारता कपडे धुवायच्या साबणाची सुकलेली चिपटी आणून दिली. “कोरडीच फिरवा काचेवरनं, आतनं. मग फडक्यानं पुसून काढा.” तसं केलं. वाफ धरायची थांबली नाही, पण तिचे थेंब होईनात. पाणी पातळ पापुद्र्यासारखं पसरत राहिलं आणि त्यातून रस्ता दिसत राहिला. उतरेपर्यंत त्या चिपटीवर आम्ही निभावलं.

घाट उतरल्यावर गाडी बाजूला घेऊन मी फ्यूज बॉक्स उघडला. पिवळा फ्यूज गेलेला. हे फ्यूज रंगावरून ओळखतात: 10 अँपियरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 25 चा पारदर्शक, 30 चा हिरवा. झाकणात एक जादा पिवळा होता, तो बसवला. ब्लोअर सुरू झाला. साखरपा गेलं, दाभोळे गेलं, आणि नाणीजच्या अलीकडे परत सगळं शांत.

आप्पा इतका वेळ काही बोलले नव्हते. त्यांनी हात पुढे केला, गेलेला फ्यूज मागून घेतला आणि विचारलं, “लगेच गेला, का थांबून गेला?”

“म्हणजे?”

“घातल्या घातल्या उडाला असता तर तार कुठंतरी लोखंडाला टेकलीय. तसा नाही गेला. अर्धा तास चालून गेला. म्हणजे तारेला काही झालेलं नाही. मोटार जड चाललीय.”

आप्पा इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत वायरमन होते. एकतीस वर्षं, त्यातली बहुतेक ब्लोरूममध्ये. सूतगिरणीत कापसाच्या गाठी फुटतात, कापूस पिंजला जातो, हवेच्या झोताने पुढे ढकलला जातो, ते पहिलं खातं म्हणजे ब्लोरूम. पंखे आणि मोटरी यांचंच राज्य, आणि हवेत सतत तरंगणारा कापसाचा भुरका. तो भुरका पंख्यात जातो, बेअरिंगवर बसतो, मोटरीच्या अंगावर गोधडीसारखा साचतो. मोटर आधी जड होते, मग गरम होते, मग फ्यूज जातो. आप्पांना मोटर आजारी पडण्याची ही चाल आयुष्यभर दिसलेली होती.

वाटेतल्या एका गॅरेजात थांबलो. तिथल्या माणसाने दोन मिनिटांत निकाल दिला. पिवळ्याच्या जागी हिरवा टाकतो, 30 चा, परत जायचाच नाही. आणि हिरवा नसेल तर तारेचा एक केस गुंडाळून देतो. असं करणारे लोक वाईट नसतात. गिऱ्हाइकाला पुढे जायची घाई असते आणि त्यांना त्याची अडचण सोडवायची असते. पण आप्पांनी खिडकीतूनच त्याचा हात धरला. “नको. वीसचाच द्या, दोन द्या.” 

पुढे गाडी चालू झाल्यावर ते मला म्हणाले, फ्यूज मोटार वाचवायला नसतो, तार वाचवायला असतो. ही गोष्ट मी बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते आणि तरी इतक्या सरळ शब्दांत कधी सांगितली नव्हती. गाडी बनवणाऱ्याने ब्लोअरला जी तार दिली ती ठरावीक प्रवाह सोसेल एवढ्याच जाडीची. तिच्या जोरावर फ्यूजचा आकडा ठरतो. तिथे 30 चा फ्यूज घातला की 28 अँपियर वाहत असतानाही तो गप्प बसणार, आणि तापेल ती डॅशबोर्डच्या आत, गालिच्याखाली, इतर पन्नास तारांच्या जुडग्यात बांधलेली तार. ती कुठे वितळतेय ते कुणाला दिसत नाही. वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो. आप्पांच्या पाळीत एकदा कुणीतरी चिनीमातीच्या किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बांधायच्या ठोकळ्यात, त्या तारेऐवजी साध्या वायरीचे तीन केस बांधले होते. कापसाला लागलेली आग त्यांनी त्या रात्री पाहिली. त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत.

(आपल्याकडे फ्यूज “बांधायचा” असतो हे मला आवडतं. माझ्या लहानपणी घरातला दिवा गेला की आप्पा मेणबत्तीच्या उजेडात कथिल चढवलेली बारीक तार किटकॅटच्या दोन स्क्रूंना बांधायचे, आणि मी पुठ्ठ्यावर गुंडाळलेली ती तार धरून उभी असायचे. ताणून बांधायची नाही, सैलसर ठेवायची, हे मला वाचायला यायच्या आधी माहीत होतं.)

आत्याला भेटून, परत येताना ब्लोअर दोन नंबरच्या पुढे न नेता, आम्ही कोल्हापूर गाठलं. पुढचा आठवडा आमच्या अंगणात गेला.

गेलेले दोन्ही फ्यूज आप्पांनी खिडकीत उजेडासमोर धरायला लावले. पिवळ्या प्लास्टिकमधून आतली जस्ताची पट्टी दिसते, दोन पायांना जोडणारा कमानीसारखा पूल. दोन्हींत तो पूल मधोमध तुटला होता, दोन्ही टोकं मेणासारखी गोल वितळलेली, पण प्लास्टिक आतून स्वच्छ. तार शॉर्ट झाली असती तर प्रवाह एका क्षणात शंभराच्या पुढे गेला असता, पट्टीचा स्फोट झाला असता आणि आत काळा धूर, धातूचे शिंतोडे दिसले असते. इथे पट्टी हळूहळू तापत, मऊ होत गेली होती. फ्यूजवर 20 लिहिलं म्हणजे 21 ला तो उडतो असं नसतं. थोडा जादा प्रवाह तो तासन् तास सोसतो. दीडपटीच्या आसपास काही सेकंद किंवा फार तर काही मिनिटं. दुप्पट झाला तर पाच सेकंदांच्या आत संपतो. त्यामुळे किती वेळाने गेला हे कळलं की किती जादा प्रवाह वाहत होता याचा अंदाज बांधता येतो. “लगेच की थांबून” या प्रश्नात हे सगळं होतं.

तरीही माझी पहिली धाव चुकीच्या दिशेला गेली. मी रेझिस्टर बदलला. ब्लोअरचे कमी वेग त्या रेझिस्टरमुळे मिळतात. तारेची दोन-तीन वेटोळी, हवेच्या वाटेतच बसवलेली, म्हणजे त्याच हवेने ती गार राहतात. चार नंबरला रेझिस्टर वाटेतून बाजूला होतो आणि मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज मिळतं. विचार केला असता तर कळलं असतं: रेझिस्टरचं काम प्रवाह अडवणं. तो जळला की एक-दोन-तीन नंबर गायब होतात आणि चार नंबर तेवढा चालतो. तो जळल्याने प्रवाह वाढायचं कारण नाही. आप्पा बघत होते, त्यांनी अडवलं नाही. नवा रेझिस्टर बसवून चार नंबर लावला, बाराव्या मिनिटाला फ्यूज गेला. आधी मोजायला हवं होतं.

मोजायला साधा मल्टिमीटर चालत नाही. त्याची अँपियरची मजल बहुधा 10 पर्यंतच, त्याच्यातून ब्लोअरचा प्रवाह नेला तर मीटरच्या आतला फ्यूज जातो. सोलर पॅनल बसवणाऱ्या माझ्या भाच्याकडून डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणला. त्याचा जबडा नुसता तारेभोवती धरायचा, काही कापायचं-तोडायचं नाही. चार नंबर लावला. 19. दोन मिनिटांनी 21. पाच मिनिटांनी 24. मुलगा आकडे मोठ्याने वाचत होता, आप्पा खुर्चीवर डोळे मिटून मोटरचा आवाज ऐकत होते. 26 वर आकडा स्थिरावला आणि थोड्या वेळाने शून्य झाला. मी ब्लोअरच्या मोटरचा प्लग काढून नवा फ्यूज घातला, स्विच चालू ठेवून अर्धा तास थांबले. फ्यूज टिकला. म्हणजे प्लगपर्यंतची तार निर्दोष.

ग्लोव्ह बॉक्स काढला की डाव्या बाजूला खाली मोटर दिसते, तीन स्क्रूंवर लटकलेली. तिसरा स्क्रू सुटला तसा तिचा भार हातात आला आणि तिच्यासोबत मांडीवर पालापाचोळा पडला. बारीक, करड्या रंगाची, तीळभर-तांदळाएवढी पानं. शेकडो. गुलमोहराची.

आमच्या दारात गुलमोहर आहे. गाडी त्याच्या सावलीत लावतो, आप्पांचाच आग्रह, उन्हात रंग उडतो म्हणून. फेब्रुवारीत त्याची पानगळ होते. वायपरच्या खाली जी जाळी असते, जिथून बाहेरची हवा आत येते, तिच्यातून वड-पिंपळाचं पान जाणार नाही. गुलमोहराची पर्णिका मात्र खुशाल जाते. आमच्या जुन्या गाडीला हवेचा फिल्टर नाही, ती थेट पंख्यापर्यंत पोचते. काही पानं पंख्यात साचली. बाकीची जाळीखालच्या पन्हाळीत बसली आणि तिथलं पाणी जायचं भोक त्यांनी बुजवलं. गेल्या पावसाळ्यातच पन्हाळ भरली, पाणी आतल्या बाजूला उतरलं, मोटरच्या डोक्यावर ठिबकलं. दांडा जिथून बाहेर येतो तिथल्या बुशमध्ये, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्यात, गंज धरला होता. पंख्याच्या पिंजऱ्यात एका अंगाला चिखल वाळून बसला होता, त्यामुळे तो तोल सोडून फिरत बुश आणखी खात होता.

आप्पांनी मोटर मांडीवर घेतली. त्यांचा उजवा हात हल्ली थरथरतो, म्हणून डाव्या हाताने पिंजऱ्याला टिचकी मारली. चांगली मोटर टिचकीसरशी दोन-तीन फेरे घेऊन निवांत थांबते. ही पाव फेरा जाऊन अडकल्यासारखी थबकली. त्यांनी परत टिचकी मारली, परत तेच. मग दांडा माझ्या चिमटीत दिला. “फिरव. हाताला लागतंय का?” लागत होतं. आत वाळू असल्यासारखं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर, खाली जुना टॉवेल पसरून, मी ती मोटर जुन्या बॅटरीला जोडली. मला एक गोष्ट डोळ्यांनी बघायची होती. मी दरवर्षी फळ्यावर बॅक ईएमएफ शिकवते. मोटर फिरायला लागली की ती फिरता फिरता स्वतःच जनित्रही होते आणि उलट दिशेचं व्होल्टेज तयार करते. बॅटरी पुढे ढकलते, मोटर मागे रेटते, आणि उरलेल्या फरकापुरताच प्रवाह वाहतो. मोटर जितकी मोकळी पळेल तितका तिचा उलटा रेटा मोठा आणि प्रवाह कमी. तिला अडवलं की रेटा घटतो, प्रवाह वाढतो. पार थांबवलं की रेटा शून्य, मग प्रवाहाला अडवायला उरतो तो फक्त वेटोळ्यांचा रोध. तो अशा मोटरीत ओहमच्या काही दशांशांएवढा असतो. 0.3 धरला तर 12 भागिले 0.3, म्हणजे 40 अँपियर.

मी जाड फडकं हातात घेऊन फिरत्या दांड्यावर दाबलं. मीटरचा आकडा चढला. हात सैल केला, उतरला. परत दाबला, परत चढला, आणि तळहाताला फडक्यातून ऊब लागली. वीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं समीकरण माझ्या मुठीच्या दाबाबरोबर वरखाली होत होतं. माझ्या मनात तोपर्यंत उलटं चित्र होतं, जोरात पळणारी मोटर जास्त वीज खात असणार असं. शिकवत असूनही होतं. मोकळं पळणाऱ्या यंत्राला कमी लागतं आणि रखडणाऱ्याला जास्त, हे मला तिथे पटलं.

आणखी एक लक्षात आलं. ब्लोअरची हवा गेले कित्येक महिने कमी झालेली असणार. मोटर रखडत होती म्हणजे पंखा हळू फिरत होता. आम्ही दोनऐवजी तीन, तीनऐवजी चार नंबर लावत गेलो आणि कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. जानेवारीत कधीतरी गार हवेच्या वेळी बारीक किंचाळीसारखा आवाज यायचा आणि गाडी तापली की जायचा. तोही आम्ही ऐकला होता.

मोटर दुरुस्त करावी असं आप्पांच्या मनात होतं. कोल्हापुरातल्याच शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथे आर्मेचर, म्हणजे मोटरीच्या आतला तारेच्या वेटोळ्यांचा फिरता भाग, गुंडाळून देणारे, लेथवर वाटेल तो बुश काढून देणारे कारागीर अजून आहेत, आणि हातात मोटर घेतली की त्यांचाही अंगठा आधी दांड्यावरच जातो. त्यांनी उघडून दाखवली. फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन झिजून चिमूटभर उरलेले, आणि आर्मेचरच्या एका वेटोळ्याचं लाखेचं वेष्टण तापून काळं पडलेलं. “काका, बुश मी उद्या देतो बसवून. पण हे काळं झालंय ते आज ना उद्या शॉर्ट होणार. पावसात ताईंना घाटातनं जायचं असतं म्हणता, तर नवीच टाका.” आप्पांनी मान डोलावली. जुनी मोटर त्यांनी परत आणली, ती अजून कपाटावर आहे.

नवी बसवताना कारागिराने एक सांगितलं होतं ते इथे लिहून ठेवते, कारण बरेच जण तिथे फसतात. मोटर बदलली तरी जुना प्लग बघायचा. आमच्या प्लगची एक पिन तपकिरी झाली होती आणि भोवतीचं प्लास्टिक पिवळट फुगलं होतं. महिनोन् महिने जादा प्रवाह गेल्याने पिनेची पकड ढिली झालेली. ढिली पिन स्वतः तापते, आणि नव्या मोटरीवरही तोच प्लग वितळत राहतो. तो कापून नवा लावला. चार नंबर लावून मीटर धरला. 11.6. दहा मिनिटांनीही 11.6. आधी 26 होते. इंजिन चालू असताना सुमारे 13.8 व्होल्ट धरले तर 360 वॉट, आता 160. मधले 200 वॉट इतके दिवस गंज घासण्यात आणि वेटोळी भाजण्यात जात होते.

ऑगस्टमध्ये शेजारच्या काकांच्या गाडीचा तोच फ्यूज जायला लागला. ते निश्चिंत होते, आता मोटरच बदलून टाकू म्हणाले. आप्पांनी त्यांनाही तेच विचारलं. लगेच जातो, घातल्या घातल्या, कधी कधी गतिरोधकावर गाडी आदळली की. “मग तुमचा रोग दुसरा.” इथे नवे नवे फ्यूज घालून जाळत बसण्यात अर्थ नव्हता. आप्पा गिरणीत सिरीज लॅम्प वापरायचे, शंका असलेल्या यंत्राच्या वाटेत आधी एक बल्ब, म्हणजे आत शॉर्ट असला तर बल्ब भगभगीत पेटतो आणि बाकी कशाला इजा होत नाही. गाडीसाठी मागच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॉटचा बल्ब घेतला, दोन तारा जोडल्या आणि फ्यूजच्या जागी खोचला. काकांनी स्विच लावला. बल्ब पूर्ण तेजाने पेटला. मोटरचा प्लग काढला, तरी पेटलेलाच. म्हणजे मोटर सुटली. मग मी डॅशबोर्डखाली झोपून तारांचं जुडगं वीत-वीतभर हलवत गेले आणि मुलगा बल्बकडे बघत राहिला. स्टिअरिंगच्या डावीकडे, जिथे जुडगं एका लोखंडी पट्टीवरून वळतं, तिथे हात लावताच तो ओरडला, “विझला!” उंदराने वेष्टण कुरतडलं होतं आणि उघडं तांबं धक्क्यासरशी पट्टीला टेकत होतं. तुटका भाग जोडून, टेप गुंडाळून, त्यावर रबरी नळी चढवून तिथून दूर बांधला. एकही फ्यूज न जाळता.

गुलमोहर आहे तिथेच आहे, तो आईने लावलेला आहे. गाडी आता चार हात अलीकडे उभी करतो, आणि जाळीखाली बारीक नायलॉनची मच्छरजाळी कापून बसवली आहे. दर रविवारी मी जाळी उचलते, पन्हाळीतला कचरा बोटांनी काढते आणि एक तांब्या पाणी ओतते. आप्पा पायरीवर बसून पुढच्या चाकामागच्या फरशीकडे बघत असतात.

“आलं का?” मी विचारते.

“थांब,” ते म्हणतात. मग थोड्या वेळाने, “आलं.”